बंडगरवस्तीचा दुसरा डोस

गेणबा बंडगर आणि मी बारामतीला एका बर्फाच्या कारखान्यात जोडीने हमाली करायचो. साच्यातून लादी सुटली की ती आकड्याने ओढत फळीवर आणायची, पाठीवर गोणपाट टाकून उचलायची आणि टेम्पोत भुशाच्या थरावर ठेवायची. नवा माणूस घाई करतो. गार लादीने हात बधिर होतात, पकड सुटते आणि लादी पायावर येते. गेणबा घाई करत नसे. पाय रुंद ठेवायचा, कमरेतून वाकायचा आणि मग उठायचा. त्याच्या हातून लादी फुटलेली मला आठवत नाही. बोलायचा कमी. हातातलं काम अर्धं टाकून जेवायला बसायचा नाही.

मी पिंपळीचा. तो इंदापूर तालुक्यातला, अंथुर्ण्याच्या अलीकडच्या बंडगरवस्तीचा. जातीने धनगर. बापाच्या काळापासून कळप होता. दसरा झाला की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं, यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं. पुढं पाटाच्या पाण्याने माळ उसाखाली आला. चरायला जागा राहिली नाही. त्याने कळप विकला आणि मिळेल ते काम धरलं.

कळप गेला तरी कळपाची नजर गेली नाही. प्रत्येक मेंढरू तो तोंडावरून ओळखायचा. दुपारच्या सुट्टीत तो मला कळपातल्या गोष्टी सांगायचा, तेव्हा मेंढरांना औषध पाजायची रीत त्याने सांगितली होती. वाघरीचं, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीचं, एक तोंड उघडायचं. एक माणूस मेंढरू धरतो, एक नळीने औषध पाजतो, तिसरा त्याच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढून बाहेर सोडतो. पट्टा असलेलं मेंढरू पुन्हा पाजायचं नाही. एका साली कुणाच्या तरी हलगर्जीने काही मेंढरं दोनदा पाजली गेली आणि सकाळी फुगून मेलेली सापडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा औषध काढायचं ते फक्त आदल्या दिवशी चुकलेल्यांसाठी. हे सांगताना तो बोटाने हवेत पट्टा ओढून दाखवायचा.

घरात बायको म्हाळसा, मुलगा रावजी आणि सून सारजा. रावजी दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. सारजा बावड्याची. त्यांना तीन मुली. तिसरी झाली तेव्हा म्हाळसाने तिचं नाव नकोशी ठेवलं, म्हणजे पुढं मुलगा होतो. गेणबा तिला नकू म्हणायचा. ती चालायला लागली तरी तिचा बराचसा दिवस त्याच्या मानेवर जायचा. तोवर तो कारखान्यातून सुटला होता आणि वस्तीवर राहून लोकांच्या उसाला पाणी देत होता.

पंचाण्णव सालच्या डिसेंबरात सरकारने पोलिओचा डोस देशभर एकाच दिवशी द्यायचं काढलं. तीन वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांना. डोस गार ठेवावा लागायचा. उन्हात राहिला की त्याचं पाणी झालं म्हणून समजा. आरोग्य खात्याकडं बर्फ जमवायच्या पेट्या होत्या, पण एका दिवशी गावोगाव टेबलं मांडायची म्हटल्यावर तेवढा बर्फ पुरेना, त्यात वीज जायची. म्हणून आमच्या कारखान्याचा बर्फ घेतला. टेम्पोबरोबर मला पाठवलं. प्रत्येक ठिकाणी लादी फोडायची, ढेपा पिशवीत भरून द्यायच्या आणि पुढं निघायचं. शेवटचं ठिकाण बंडगरवस्ती होतं. तिथं टेम्पो थांबायचा आणि संध्याकाळी रिकाम्या पेट्या घेऊन परतायचा.

बिरोबाच्या देवळाच्या ओट्यावर टेबल मांडलं होतं. मनिषा सिस्टर, शाळेचे गुरुजी आणि अंगणवाडीच्या बाई बसल्या होत्या. वस्ती सगळी जमली होती, पण बघायला. पोरं कडेवर घेऊन बाया लांब लिंबाखाली उभ्या होत्या. पुढं कोणी येईना.

कुशाबाई म्हणून वस्तीतली एक म्हातारी होती. तिच्या शब्दाला बायकांत वजन होतं. ती ओट्याच्या पायरीवर बसून म्हणाली, "बाई, पोलिओ झालेलं कोन हाय का हितं? नसल्याल्या रोगाचं औषध कशाला पाजताय?"

"होऊ नये म्हणूनच आजी," सिस्टर म्हणाल्या.

"सुई न्हाय, गोळी न्हाय. दोन थेंबांनी काय व्हायचंय?"

"आन् फुकट देत्यात," मागून कोणी बाई म्हणाली. "फुकट म्हंजी कायतरी असनारच. उद्या पोरांना पोरं झाली न्हाईत म्हंजी?"

गुरुजींनी समजावलं. कोणी ऐकलं नाही. तेव्हा गेणबा नकूला मानेवर घेऊन आला. तो सरळ टेबलापाशी गेला. तिला खाली घेतलं, गुडघ्यांत धरलं, गाल दाबून तोंड उघडलं. मेंढरू पाजायच्या वेळी धरतात तसंच. सिस्टरांनी थेंब सोडले. नकूने तोंड वाकडं केलं आणि मग जीभ बाहेर काढून आणखी मागायला लागली. लोक हसले.

हिंदुराव नावाचा एक उसाचा बागायतदार तिथं उभा होता. त्याचं शेत वस्तीला लागून, आणि गेणबा त्याच्याच उसाला पाणी द्यायचा. तो म्हणाला, "गेणबा, मेंढरं इकली आन् आता पोरं पाजाया लागलास व्हय?"

"मेंढरं बरी, राव," गेणबा म्हणाला. "त्येंच्या आया अशा लांब उभ्या ऱ्हात न्हाईत."

बाया हलल्या. एक आली, मग दोघी आल्या, मग गर्दीच झाली. गुरुजी डोस घेतलेल्या पोराला लिमलेटची गोळी देत होते. गोळीसाठी पोरं पुन्हा रांगेत घुसायला लागली. सिस्टरांना तोंडं ओळखू येईनात. गेणबाला येत होती. त्याने एकाला दंडाला धरून बाहेर काढलं. "ए, तू झालास मगाशी."

"बाबा, तुम्ही इथंच उभे राहा," सिस्टर म्हणाल्या. "दोनदा कुणी जायला नको."

गेणबा देवळात गेला आणि बिरोबापुढची भंडाऱ्याची ताटली घेऊन आला. भंडारा म्हणजे देवाची हळद. डोस झालेल्या प्रत्येक पोराच्या कपाळाला त्याने भंडाऱ्याचं बोट ओढलं. बायांना ते पटलं. देवाचा भंडारा लागतोय म्हटल्यावर जी राहिली होती तीही पोरं आली. कपाळ पिवळं दिसलं की गेणबा बाजूला काढायचा, नवं असलं की पुढं सारायचा. दुपारपर्यंत वस्ती झाली. इतर गावांत संध्याकाळपर्यंत लोकांना बोलवावं लागलं होतं. जाताना सिस्टर त्याला म्हणाल्या, "तुमच्यामुळं झालं बाबा." त्याने ताटली जागेवर नेऊन ठेवली.

दुसरा डोस जानेवारीत होता. रेडिओवर सांगत होते, बाजारच्या दिवशी रिक्षाला भोंगा लावून सांगत होते. दुसरा कशासाठी, हे भोंग्यात नव्हतं. गेणबाने ते आपल्या रीतीने समजून घेतलं. पहिल्या दिवशी चुकली ती दुसऱ्या दिवशी पाजायची.

त्या सकाळी आमचा टेम्पो वस्तीच्या वाटेला वळला तेव्हा तो वाटेच्या तोंडाला उभा होता. समोर सारजा होती, नकू तिच्या कडेवर. मागं आणखी चार-पाच बाया.

"तू कशाला आलीस?" गेणबा सारजाला म्हणत होता. "नकूचं तर पैल्यांदा झालंय."

"मामा, रेडिओवर दोनदा पाजायचं म्हन्त्यात."

"ज्येंचं ऱ्हायलंय त्येंच्यासाठी म्हन्त्यात. भंडारा लावलाय न्हवं तिला? बिरोबाम्होरं लावलाय. पोरीला दोनदा पाजून काय मारायचीय का?"

सारजाने नकूला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग वळली. तिच्या मागच्या बायाही वळल्या. एकजण जाता जाता म्हणाली, "बरं झालं बाई, चुलीवर कोरड्यास ठिवून आलते." टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला, गेणबाने वाट दिली आणि आम्ही पुढं गेलो.

त्या खेपेला मनिषा सिस्टर दुसऱ्या गावाला होत्या. ओट्यावर नवीन बाई होत्या. त्यांना वस्तीतली पोरं माहीत नव्हती. गेणबा दिवसभर पळत होता. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता आणि शिवारात ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडल्या होत्या. पाचटाच्या त्या कोप्यांत जाऊन तो पोरं उचलून आणायचा. आया फडात तोडीला, पोरं कोपीपाशी. तो फडात जायचा, आईला विचारायचा, तिला कोयता ठेवायला लावायचा, पोरासकट ओट्यावर आणायचा आणि परत फडात सोडायचा. पाचटाने त्याचे पाय कापले होते. दुसऱ्या कोणी एवढं केलं नसतं. ओट्यावरच्या बाईंना दिवसाला जेवढी पोरं व्हायला हवी होती तेवढी झाली. त्यातली बहुतेक तोडीवाल्यांची होती. बंडगरवस्तीचं पोर त्यात एखादं दुसरंच, पहिल्या वेळी पाहुण्यांकडं गेलेलं. गेणबाच्या हिशेबाने एकही राहिलं नव्हतं.

पुढचा पावसाळा लागला आणि नकूला ताप आला. दोन दिवस तापाची होती. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून सारजाने तिला अंगणात उभं केलं, तर ती खाली बसली. पुन्हा उभं केलं, पुन्हा बसली. डावा पाय धरत नव्हता. रावजीने ट्रॅक्टर मालकाच्या दारात लावला आणि तिला बारामतीला आणलं. बारामतीहून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. गेणबा बरोबर होता.

पुण्याहून परतताना तो एसटी स्टँडवरून सरळ आमच्या कारखान्यात आला. रावजी आणि सारजा पोरीला घेऊन पुढच्या गाडीने वस्तीकडं गेले होते. मी लाद्या काढत होतो. तो फळीपाशी उभा राहिला. मी विचारलं, काय म्हणाले.

"पोलिओ म्हन्ले."

"मग?"

"पाय ऱ्हाईल तसा ऱ्हाईल म्हन्ले. तेल लावा, चोळा, हलवत ऱ्हावा."

मी लादी खाली ठेवली. तो बोलत राहिला. आवाज नेहमीसारखाच होता. सारजा पोरीला घेऊन आत असताना डॉक्टरने बाहेर त्याला विचारलं होतं, डोस दिले होते का. तो म्हणाला, दिला. किती? एक. दुसरा का नाही? तो राहिलेल्यांचा असतो ना, गेणबा म्हणाला. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण त्याने उभ्या उभ्या समजावलं. एक डोस प्रत्येकाच्या पोटात ठरतोच असं नाही, म्हणून सगळ्यांना पुन्हा द्यायचा. दुसरा डोस राहिलेल्यांचा नसतो, सगळ्यांचा असतो. मग त्याचा चेहरा बघून म्हणाला, दोन्ही घेऊनही काही मुलांना होतो बाबा, आता कोणी काही सांगू शकत नाही.

"मग तसं बी असंल," मी म्हणालो.

"असंल," गेणबा म्हणाला. त्याने आकडा उचलला. माझ्या जोडीचा माणूस त्या दिवशी आला नव्हता. टेम्पो भरेपर्यंत गेणबा माझ्याबरोबर लाद्या वाहत होता. मग शेवटच्या गाडीने गेला.

घरी त्याने डॉक्टरचं बोलणं सांगितलं नाही. वस्तीलाही नाही. वस्तीने स्वतःच ठरवलं. पहिला डोस कुणाला पाजला? गेणबाच्या नातीला. पाय कुणाचा गेला? गेणबाच्या नातीचा. यात कोणाला काही जोडायची गरज नव्हती.

शहाण्णवचा डिसेंबर आला. या वेळी पाच वर्षांच्या आतली सगळी मुलं घ्यायची होती. आमचा टेम्पो देवळापाशी आला तेव्हा ओट्यावर मनिषा सिस्टर आणि गुरुजी दोघंच होते. मी लादी फोडायला घेतली तर सिस्टर म्हणाल्या, "तात्या, राहू द्या. एवढा बर्फ कशाला? सकाळपासून तोडीवाल्यांची चार पोरं आली, वस्तीचं एक नाही."

कुशाबाई पायरीवर होती. "कोन यील बाई? ज्यानं पैला पाजला त्येच्याच घरात पांगळं बसलंय."

"आजी, डोसामुळं नाही होत असं."

"तुमी तसंच म्हन्नार. तुमची नोकरी हाय."

हिंदुरावची नात उत्कर्षा गेल्या वर्षी पहिल्या डोसाला आली होती. तो हात मागं बांधून उभा होता. "आमची पोरगी चांगली पळती, सिस्टर," तो म्हणाला. "पळती ती पळू द्या."

सिस्टर माझ्याकडं वळल्या. "गेणबा बाबा कुठं आहेत? त्यांचं ऐकतील."

मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात पोतं टाकून बसला होता. नकू त्याच्यापुढं पाय पसरून बसली होती आणि तो तिच्या डाव्या पायाला तेल लावत होता. टाचेपासून वर, गुडघ्याशी थांबून, पुन्हा टाचेपासून. पाय बारीक पडायला लागला होता. सारजा दारात बसून तांदूळ निवडत होती. म्हाळसा आत होती.

"वस्तीचं एक पोर न्हाय आलं," मी म्हणालो. "डोसानंच पाय गेला म्हन्त्यात."

"म्हनू द्या."

"सिस्टर पेटी बंद कराया लागल्यात."

तो पाय चोळत राहिला. पूर्ण करेपर्यंत थांबला नाही. मग हात धोतराला पुसले आणि सारजाकडं न बघता म्हणाला, "पोरीला घे आन् देवळाकडं ये."

आतून म्हाळसा म्हणाली, "कशाला? आनि कशाला तमाशा?"

तो निघाला होता. सारजाने सूप बाजूला ठेवलं, नकूला कडेवर घेतलं आणि मागून आली. मी तिच्याही मागं.

देवळापाशी लिंबाखाली वीस-पंचवीस माणसं असतील. गेणबा ओट्यावर चढला नाही. खाली मातीत उभा राहिला. त्याला भाषण करता येत नव्हतं, आवाजही चढवता येत नव्हता. मागच्यांना ऐकायला पुढं यावं लागलं.

"डोसानं न्हाय झालं," तो म्हणाला. "पुन्याच्या डॉक्टरनं मला सांगितलंय. डोस दोनदा घ्यायचा आसतो. सगळ्यांनी. पैला घेतला त्येंनी बी. मी ते चुकल्याल्यांचं समजलो. मेंढरांचं समजलो. जानेवारीत मी वाटंवर उभा ऱ्हायलो आन् पोरं माघारी लावली. नकूला मीच माघारी लावलं. तुमच्या पोरांना बी मीच."

हिंदुराव पुढं आला.

"आमच्या उत्कर्षाला बी?"

"व्हय. तिची आई आलती तिला घिऊन."

"आन् हे तुला कवा कळलं?"

"पावसाळ्यात. पुन्यात."

"आन् आज सांगतूस?"

"व्हय."

हिंदुरावचा हात हलला. मला वाटलं मारतो. त्याने मारलं नाही. तो गेणबाच्या तोंडाकडं बघत राहिला, आणि मग तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांनी गेणबाकडं बघायचं सोडून सारजाकडं बघितलं.

सारजा लिंबाच्या बुंध्याशी उभी होती. "मी आलते," ती म्हणाली. "मला माघारी लावलं."

एवढंच. ती ओरडली नाही, रडली नाही. ते तिला आज कळलं नव्हतं. रेडिओवर दोनदा म्हणतात हे तिने त्याच दिवशी सांगितलं होतं. पोरीचा पाय गेल्यापासून ती ते धरून बसली असणार, आणि सासऱ्याने तोंड उघडेपर्यंत तिला कोणी विचारलं नव्हतं.

ती ओट्यावर गेली. टेबलापाशी बसली आणि नकूला मांडीवर घेतलं. सिस्टरांनी बर्फातून बाटली काढली. गेणबा सवयीने पोरीचं डोकं धरायला पुढं झाला.

"मी धरते," सारजा म्हणाली.

तो मागं आला. तिने पोरीचे गाल दाबले, सिस्टरांनी थेंब सोडले. सारजा उठली आणि पोरीला घेऊन घराकडं गेली.

मग हिंदुराव कोणाला तरी म्हणाला, "उत्कर्षाला घिऊन यायला सांगा आमच्या घरी." त्याच्या मागं बाकीचे हलले. कुशाबाई पायरीवरून उठून बाजूला झाली आणि येणाऱ्या बायांना पुढं ढकलायला लागली. "चला गं, उभ्या काय ऱ्हायल्या. पाजायचं तर पाजा." मी बर्फ फोडून दिला. पेटी रिकामी झाली. गेणबाला कोणी हाक मारली नाही, कोणी हाकलूनही दिलं नाही. तो लिंबाखाली उभा राहिला आणि गर्दी पातळ झाल्यावर निघून गेला.

रावजीला ते ट्रॅक्टरवर असतानाच कोणीतरी सांगितलं. तो घरी आला, जेवला, झोपला. बापाशी त्यानंतर तो कामापुरतंही बोलला नाही. म्हाळसा मात्र बोलली. मी दुसऱ्या खेपेला बर्फ घेऊन गेलो तेव्हाही ती बोलतच होती.

"तुला कोनी इचारलं हुतं का? तो डॉक्टर काय हितं येनार हुता सांगाया? गप बसला आस्तास तर पोरगं तरी बोललं आस्तं."

"पोरं येत नव्हती," गेणबा म्हणाला.

"लोकांची पोरं!"

तो फावडं घेऊन उसाकडं निघाला.

त्या जानेवारीत सगळी वस्ती दुसऱ्या डोसाला आली. पहिला डोस झालेलीही आली. सारजा नकूला घेऊन सगळ्यांत आधी आली. त्यानंतर काही दिवसांनी तिने कपडे बांधले, तिन्ही मुली घेतल्या आणि ती बावड्याला माहेरी गेली. भांडण झालं नाही. सासऱ्याच्या पाया पडली नाही, एवढंच म्हाळसाने सांगितलं. पुढच्या महिन्यात रावजीला बावड्यातच एकाचा ट्रॅक्टर मिळाला आणि तोही गेला. वस्तीवर दोघं म्हातारी राहिली. हिंदुरावने गेणबाचं काम काढून घेतलं नाही. पाण्याची पाळी आली की सांगायला माणूस पाठवायचा, स्वतः यायचा नाही.

गेणबा दर आठवड्याला बावड्याला जायला लागला. एसटीने जायचा, एसटीने परत यायचा. जाताना तेलाची बाटली पिशवीत. सत्त्याण्णवच्या डिसेंबरात मला इंदापूरकडं काम निघालं होतं, म्हणून मी एकदा त्याच्याबरोबर गेलो.

सारजाच्या बापाचं घर पत्र्याचं होतं, पुढं सारवलेला ओटा. आम्ही ओट्यावर बसलो. नकू आतून सरकत आली. बारामतीच्या एका शिबिरात तिला पायाला बांधायचा लोखंडी पट्ट्यांचा आधार मिळाला होता, पण घरात ती तो काढून टाकायची आणि बुडावर सरकत फिरायची. जोरात सरकायची. ती येऊन गेणबाच्या पुढ्यात पाय लांब करून बसली. त्याने पट्ट्याचे वळ बघितले, अंगठा फिरवला आणि तेल लावायला घेतलं.

सारजाने तांब्या-भांडं आणून ठेवलं. पाणी दिलं. तिच्या आईने मला आत चहा विचारला. मी गेणबाकडं बघितलं, तर तो म्हणाला, "तुमी घ्या. मला हितं पानीच मिळतं." तक्रार म्हणून म्हणाला नाही. गाडी किती वाजता आहे सांगावं तसं म्हणाला. मीही चहा घेतला नाही.

तो पाय चोळत होता तोवर सारजा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. नकू त्याला अंगणवाडीतलं काही सांगत होती. तिथल्या बाईंनी तिला पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्याने ऐकून घेतलं. मी सारखा पाय बघत होतो. एक पाय वाढला होता, एक वाढला नव्हता. वर्षभर आठवड्याला एकदा येऊन चोळून एवढं झालं होतं, किंवा काही झालं नव्हतं. मला ते ओळखता येत नव्हतं आणि त्याला विचारण्यासारखं नव्हतं.

त्याने बाटलीचं बूच लावलं. धोतराला हात पुसले. उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागला.

"परवा डोस पाजला हिला," सारजा म्हणाली. ती त्याच्याकडं बघत नव्हती, पोरीकडं बघत होती. "दुसऱ्या टायमाला बी नेनार हाय."

"ने," गेणबा म्हणाला.

तिने रिकामा तांब्या उचलला आणि आत गेली. आम्ही स्टँडकडं निघालो.